आडाच्या घराचा वाटा

जगात सगळीकडे बांधावरून भांडणं होतात ती दुसऱ्याची वीतभर जागा आपल्याकडे ओढायला. आमच्या गावातलं सगळ्यात जुनं भांडण वीतभर पाळीचं आहे, आणि ते "ही वीत माझी, इथं माती मीच टाकणार" असं आहे. म्हणजे काम जास्त मिळावं म्हणून भांडण! बाहेरच्या माणसाला सांगितलं की तो हसतो. हसेना का. त्याच्या गावात तळं नाही, त्याला काय कळणार?

आमचं गाव चोपड्याहून सातपुड्याकडे तोंड केलं की लागतं. गावाच्या वर तळं, तळ्याला अडवून धरणारी मातीची लांबलचक पाळ, आणि पाळीच्या खाली केळीचे मळे. तळं सरकारनं बांधलेलं नाही, कुणा राजानंही नाही. कुठल्याशा दुष्काळात इकडेतिकडे पांगलेली माणसं इथं नाल्याकाठी थांबली आणि नाला अडवून बसली. दुकानाच्या घरातले शेटजी, त्यांचे पणजोबा मारवाडातून उंटावरून मीठ घेऊन आले होते. पाण्याला थांबले ते थांबलेच. पिंजाऱ्याचं घर कापूस पिंजायला म्हणून आलं, तेही राहिलं. पण राहायचं तर पाळीचा वाटा घ्यायचा, ही अट. प्रत्येक घराला पाळीचा एक तुकडा नेमून दिलेला. कुणाला आठ हात, कुणाला पंधरा. आमच्या घरापुढे जुना आड आहे म्हणून ते आडाचं घर, आणि आमचा वाटा अकरा हात.

एकदा मोजमाप करायला एक साहेब आले होते. त्यांनी विचारलं, "या पाळीच्या देखभालीचा ठेकेदार कोण?" आमच्या आबांनी, म्हणजे गावातल्या सगळ्यात वडील माणसानं, पाळीवरून हात फिरवून सांगितलं, "बठ्ठं गाव." सगळं गावच ठेकेदार! साहेबांनी कागदावर काय लिहिलं देव जाणे.

पाळीचं काम अखाजीच्या दुसऱ्या दिवशी. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खान्देशात लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात, आंबे खातात. आमच्या गावच्या लेकी हे सगळं करतात आणि दुसऱ्या दिवशी पदर खोचून घमेलं उचलतात. सुना त्या दिवशी आपापल्या माहेरी गेलेल्या असतात, त्यामुळे पाळ खरं तर गावच्या लेकींनीच राखलेली आहे. हे मी पुरुषांना दर वर्षी ऐकवते आणि ते दर वर्षी न ऐकल्यासारखं करतात. माझी नोकरी मास्तरणीची, सासर आणि शाळा दोन्ही जामनेरकडे, पण एक अखाजी चुकवली नाही. माझा एक मुलगा तर अखाजीनंतर आठ दिवसांनी जन्मलाय. त्या वर्षी मी घमेलं उचललं नाही, नुसती धुमस धरून बसले आणि बाकीच्यांना शिव्या घातल्या.

माती टाकून, पाणी शिंपडून, धुमसाने चोपून झाली की संध्याकाळी परीक्षा. आबा चपला काढून पाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अनवाणी चालतात. सगळं गाव आपापल्या वाट्यावर उभं. पाय घट्ट लागला की ते "हं" म्हणतात आणि पुढे जातात. पाय जरासा रुतला की थांबतात. बोलत काही नाहीत, नुसते थांबतात. पण ज्याच्या वाट्यावर आबा थांबले त्याला वर्षभर पानाच्या टपरीवर जायची सोय राहत नाही. आडाच्या घराच्या वाट्यावर आबा कधी थांबले नाहीत. माझ्या बापाच्या हयातीत नाही, माझ्याही नाही.

दोन नियम मात्र कडक. एक, दुसऱ्याच्या वाट्याला हात लावायचा नाही. लावला तर "तुला जमत नाही" असं म्हटल्यासारखं होतं, आणि त्यावरून डोकी फुटायची वेळ येते. दुसरा नियम, ज्यानं आपल्या वाट्यातला दोष लपवला त्याचा वाटा गेला. वाटा गेला म्हणजे घर पाळीवरून उठलं. त्या घराचं गावात काही राहिलं नाही असंच समजायचं.

आता त्या विताचं सांगते. आमच्या शेजारचा वाटा कवठाच्या घराचा, त्यांच्या अंगणात कवठ आहे. दोन वाट्यांमधला खुंट एका पुरात वाहून गेला. परत रोवताना माझे वडील म्हणाले इथं, कवठाच्या घरचे नाना म्हणाले तिथं. मध्ये वीतभर जागा उरली. दोघंही म्हणाले माझी. तेव्हापासून दोन्ही घरं त्या विताला दर वर्षी माती टाकतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत. नाना गेले, माझे वडील गेले. नानांची सून आता कवठाच्या घरची अक्का झाली, म्हातारपणी तीही अखाजीला माहेरी जात नाही, आणि मी पेन्शनीत निघून बापाच्या घरी राहायला आले. भाऊ सुरतेला, त्याला पाळ म्हणजे फोटो काढायची जागा. आम्ही दोघी म्हाताऱ्या शेजारी शेजारी, एका तळ्याचं पाणी पितो, आणि तोंडातून शब्द नाही. तिनं शिंगाडे उकडले की वास माझ्या ओसरीत. मी मांडे केले की धूर तिच्या ओसरीत. तेवढंच काय ते देणं-घेणं.

वडील म्हणायचे, आडाचं घर कुणापुढे हात पसरत नाही. मला ते वाक्य फार आवडायचं. शाळेतही मी कधी कुणाकडून खडू मागितला नाही, स्वतःचा नेला.

तर गेल्या वर्षी चैत्रात तळ्याचं पाणी खाली गेलं तेव्हा पाण्याच्या बाजूनं मी माझा वाटा बघायला उतरले. आणि पिचिंगच्या, म्हणजे पाण्याकडच्या अंगाला रचलेल्या दगडांच्या, एका फटीत मला बीळ दिसलं. घुशीचं. हात घातला तर खांद्यापर्यंत गेला. नेमकं त्या विताखाली.

पायाखालची जमीन सरकली म्हणतात ना, तसं झालं. पाळीतलं बीळ म्हणजे काय, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ते वरून पार उघडायचं, तळापासून काळी माती थरावर थर चोपत भरायची. दहा माणसं, तीन-चार दिवस. म्हणजे आबांना सांगायचं, गाव बोलवायचं, आणि आडाच्या घरच्या वाट्यात घूस शिरली हे कवठाच्या घरच्या अक्कानं उभं राहून बघायचं. छे! मी काय केलं, भरदुपारी कुणी नसताना त्यात दगड कोंबले, जुनं पोतं कोंबलं, वरून चिखल थापला आणि पिचिंग जागच्या जागी लावून टाकलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. अखाजीच्या दुसऱ्या दिवशी आबा आले, माझ्या वाट्यावर पाय टेकला, "हं" म्हणाले आणि गेले. खोटं कशाला सांगू, मला लाजसुद्धा वाटली नाही. उलट मी अक्काकडे बघून मान जरा जास्तच ताठ केली.

पाऊस चांगला झाला. तळं भरलं, सांडव्यावरून पाणी गेलं, गावानं नारळ वाहिले. आजूबाजूची गावं उन्हाळ्यात टँकर बघतात. आमच्या गावातही टँकर येतो, पण तो भरून घ्यायला. ही ऐट मी शंभर वेळा मिरवली आहे. त्या वर्षीही मिरवली.

पोळा होऊन आठवडा झाला असेल. सकाळी मी पाळीच्या खालच्या अंगानं फिरायला गेले तर माझ्या वाट्याखाली गवत ओलं. नीट बघितलं तर करंगळीएवढी धार. पाणी निवळ होतं. वडील सांगायचे, खालून निवळ पाणी आलं तर पाळीला घाम आलाय, गढूळ आलं तर पाळ माती सोडते आहे. मी स्वतःला म्हटलं, घामच आहे. दुसऱ्या दिवशीही निवळ. तिसऱ्या दिवशी धार अंगठ्याएवढी झाली, तरी निवळ. तीन दिवस मी जेवले की नाही आठवत नाही. रोज सांगायचं ठरवायची आणि रोज ओसरीवरून परत फिरायची. सांगितलं की बापाचा वाटा गेला, हे पक्कं होतं. भाऊ सुरतेला गेला, आई-बाप गेले, शेत विकलं. त्या घराचं म्हणून गावात उरलेलं होतं ते हे अकरा हात. ते मी माझ्या हातानं घालवायचे?

चौथ्या दिवशी पाणी चहासारखं आलं.

मी तिथं किती वेळ उभी होते ठाऊक नाही. समोर केळीचा मळा होता. कवठाच्या घराचाच. त्यात अक्का गवत कापत होती, पाठमोरी. पाळ फुटली तर पहिली तीच जाणार होती. तिच्या मागे मळे, मग शाळा, मग पिंजारवाडा. आणि मी वाट्याचा विचार करत होते! माझी मलाच इतकी चीड आली की मी तिथूनच ओरडले, "अक्का! माझा वाटा फुटतोय!"

इतक्या वर्षांत मी तिला बोललेलं हे पहिलं वाक्य. ती वळली. धारेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता उद्धार करते माझा. तिनं विळा टाकला आणि एवढंच विचारलं, "कधीपाईन?"

"चार दिवस झाले."

"मर तू," ती म्हणाली आणि पदर खोचून गावाकडे पळत सुटली. साठीची बाई, पण पळाली बघा!

सगळ्यात जवळ मशीद. पिंजाऱ्याच्या घरच्या चाचांनी भोंगा लावला. गावात त्यांचा आवाज लग्नाच्या वरातीत सगळ्यांना माहीत, तोच आवाज आता तळ्यावरून आला, "बठ्ठासनी पाळवर या! कुदळ, फावडं, पोतं, जे हाती लागी ते ल्या! आते या!" मागोमाग मारुतीच्या देवळातून तेच. मग काय विचारता. केळीच्या घडांना हात लावलेली माणसं घड टाकून आली. दुकानाच्या शेटजींनी गोदामाचं दार उघडलं आणि सगळं बारदान बाहेर फेकलं. ते स्वतः धोतर वर खोचून वाळू भरायला बसले. आबांनी मोरी उघडायला लावली, तळ्याचं पाणी नाल्यात सोडलं. वर्षाचं पाणी डोळ्यांदेखत जात होतं, पण एकानं हूं की चूं केलं नाही. खालच्या बाजूला वाळू आणि खडी टाकली, पाणी येऊ द्यायचं पण माती थोपवायची म्हणून. वरच्या बाजूला भोयांच्या घरातली दोन पोरं बुडी मारून बीळ हातानं चाचपत होती आणि चिकणमातीची पोती तोंडाशी लावत होती. आणि हे सगळं माझ्या वाट्यावर. जिथं दुसऱ्यानं मूठभर माती टाकली तर डोकी फुटायची, तिथं अख्खं गाव चिखलात लोळत होतं. कुणी विचारलंसुद्धा नाही वाटा कुणाचा म्हणून.

दुपार कलली तेव्हा धार बारीक झाली. मग निवळ झाली. चाचा ओंजळीत पाणी घेऊन सगळ्यांना दाखवत फिरले. माझा जीव भांड्यात पडला, पण पुरता नाही पडला. कारण आता कुणीतरी विचारणार होतं की बीळ दिसलं कसं नाही. कुणी विचारायच्या आत मीच उभी राहिले.

"दिसलं होतं," मी म्हटलं. "चैत्रातच दिसलं होतं. मी दगड कोंबून बुजवलं आणि तुमच्यापासून लपवलं. तीन दिवस पाणी येताना बघितलं, तरी बोलले नाही. नियम मला ठाऊक आहे."

आबा दगडावर बसले होते. त्यांनी आपल्या पायांकडे बघितलं. माझ्या मनाला सगळ्यात जास्त लागलं ते तेच. पन्नाशी उलटल्यापासून तो माणूस या पायांच्या भरवशावर गावाला झोपायला सांगत होता, आणि मी ते पाय खोटे पाडले होते.

तेवढ्यात अक्का चिखलातून उठली. "मना वाटामा बी शे," ती म्हणाली. "निंबनी जोडे. मी बी बुजेल शे. दोन वरीस व्हयनात."

म्हणजे तिच्या वाट्यातही निंबाजवळ बीळ, आणि तेही दोन वर्षं बुजवून झाकलेलं! मग शेटजी खाकरले. त्यांच्याही वाट्यात एक होतं, त्यांनी सिमेंट ओतलं होतं. मग भोयांच्या घरचा थोरला बोलला. मग आणखी एक. एक-दोन नव्हे, चांगली सात बिळं निघाली त्या संध्याकाळी, सगळी झाकलेली, सगळी "हं" मिळालेली. गर्वाचं घर खाली म्हणतात, आमचं तर गर्वाचं गावच्या गाव खाली जायला निघालं होतं. आबा ऐकत राहिले, ऐकत राहिले आणि एकदम कडाडले, "इतला वरीस मी पाळवर पाय घसी ऱ्हायनू, आनि तुम्ही बठ्ठा माले येडा बनाडी ऱ्हायनात!" आणि मग सगळ्यांच्या सात पिढ्यांचा त्यांनी जो उद्धार केला तो इथं लिहिता येणार नाही. शिव्या खाता खाता कुणाला तरी हसू फुटलं. मग आबाही हसले. पण वाट्यांचं काय, ते त्यांनी सांगितलं नाही. पाणी खाली गेलं की सातही जागा उघडू, मग ठरवू, एवढंच म्हणाले.

तो हिवाळा मी कसा काढला माझं मला ठाऊक. अक्का आता बोलायची, पण बोलायची म्हणजे टोमणे मारायची. "घुशीनी माय" हे माझं नाव पडलं. मी तिला "निंबवाली" म्हणायची.

यंदा चैत्रात पाळ उघडली. पहिला मान अर्थात माझा. लेकी अजून यायच्या होत्या, पण गावातला माणूस न् माणूस होता. वरून खणत खणत गेले. माझं पोतं निघालं, कुजलेलं. माझे दगड निघाले. लोक हसले, मीही हसले. मग कुदळ खण्‌कन वाजली. माझ्या दगडांच्या खाली, चांगलं दोन हात खोल, मोठा गोल दगड होता. माती खरवडली तर मधोमध भोक. जात्याचा खालचा दगड, डाळ भरडायच्या मोठ्या जात्याचा. त्याच्याभोवती काळी माती अशी चोपून बसवलेली की कुदळ उडत होती. म्हणजे बीळ जुनं होतं. माझ्या आधी कुणीतरी ते असंच गुपचूप बुजवलं होतं. आणि या वाट्यावर माझ्या आधी एकच माणूस होता.

माझा बाप.

अक्का खड्ड्यात वाकली आणि किंचाळली, "हाई ते आम्हनं जातं शे! वरना दगड आम्हनी मोरीजोडे शे, त्यावर उभं ऱ्हाईसन आम्ही आंघोळ करतस! मनी सासूनी मरत लगून चोरले शिव्या दिध्यात! तुना बापनी चोरेल शे वं!"

"माझा बाप चोर नव्हता!" मी पण खड्ड्यात उतरले. माझा आवाज पार सातपुड्यापर्यंत गेला असेल.

चाचा काठावर बसून दगडाकडे बघत होते. त्यांनी खाली उतरून त्याला हात घातला, हलवून बघितला. हलला नाही. "चूप बठा दोन्ही," ते म्हणाले. "हाई येकलानं काम नही. घरमाईन काढनं, आठे लोंग आननं, आठे उतारनं. दोन जन लागतस. आनि नानानं जातं नानाले इचारल्याबिगर घरमाईन भाईर कसं येई?"

हे इतकं सरळ होतं. माझा बाप, आणि ज्याच्याशी तो मरेपर्यंत बोलला नाही ते नाना. या वितावरून सगळ्या गावासमोर भांडणारे दोघं. कधीतरी हे बीळ दिसलं असणार, आणि माझा बाप कवठाच्या घराच्या दारात गेला असणार. गेला आणि बोलला. कुणापुढे हात पसरत नाही म्हणणारा माझा बाप. नानांनी बायकोचं जातं उचलून दिलं, तिला कळू दिलं नाही, जन्मभर तिच्या शिव्या मुकाट ऐकल्या. दुसऱ्या दिवशी दोघं पुन्हा भांडायला मोकळे.

मला रडू आलं. चारचौघांत रडायची मला सवय नाही, पण आलं ते आलं. इतकी वर्षं मी बापाची ताठ मान तेवढी घेतली होती. त्याला वाकताही येत होतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

सगळे आबांकडे बघत होते. दोष लपवणाऱ्याचा वाटा जातो. आबांनी त्या दगडाकडे बघितलं आणि मान हलवली. "वाटा लेवो तरी कोनपाईन?" ते म्हणाले. "जाऊ द्या. पन हाऊ दगड आते मधमा दाबू नका. माती चांगली चोपा, आनि दगड वर, पिचिंगमा लावा. बठ्ठासले दखावू द्या."

तीन दिवस माती चोपली. थर झाला की पाणी, पाणी झालं की धुमस. चौथ्या दिवशी पाळ वरपर्यंत आली आणि दगड लावायची वेळ झाली. भोयांची पोरं पुढे आली. मी त्यांना हटकलं, हा आडाच्या घराच्या वाट्यातला दगड आहे, बाजूला व्हा. पदर खोचला, गुडघे टेकले, दगडाखाली बोटं घातली आणि जोर लावला. हलला नाही. पुन्हा लावला. अक्का तिच्या वाट्यावर कमरेवर हात ठेवून उभी होती, हसत होती, पण पुढे येत नव्हती. नियम होता ना.

मी तिच्याकडे बघितलं आणि म्हटलं, "अक्का, हात लाव."

तिनं लावला.